फी भरण्याआधी फी वाचा

“मॅडम, पोराला काही स्कॉलरशिप बसेल का?”

नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. दर ऑगस्टमध्ये हाच प्रश्न आणि हाच शब्द: ‘बसेल का’. जणू चप्पल घालून बघायची आहे. प्रश्न बरोबरच असतो, फक्त दीड-दोन महिने उशिरा आलेला असतो. तोवर प्रवेश झालेला असतो, पावती फाडलेली असते. व्यावसायिक कोर्सला तुमच्या खिशातून नक्की किती जाणार, हे कॅशियरच्या खिडकीवर ठरत नाही. प्रवेश कुठल्या दाराने घेतला आणि त्या दिवशी हातात कुठले दाखले होते, यावर ते ठरतं. म्हणून हा लेख बारावीच्या मुलांच्या आणि अकरावीच्या मुलांच्या आईवडिलांसाठी. अकरावीवाल्यांच्या हातात निदान वेळ तरी आहे.

आधी फीच नीट बघू. खासगी विनाअनुदानित कॉलेज व्यावसायिक कोर्सची फी मनाला येईल तशी लावू शकत नाही. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार आणि कोर्सवार फी मंजूर करतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. या मंजूर फीचे दोन भाग असतात, शिक्षण शुल्क म्हणजे ट्यूशन फी आणि विकास शुल्क म्हणजे डेव्हलपमेंट फी. राज्य सरकारच्या ज्या सवलतींबद्दल आपण पुढे बोलणार आहोत त्यातल्या मुख्य सवलती शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला लागतात. विकास शुल्क, कॉलेजची बस, गणवेश, लॅपटॉप हे सगळं घरचं. ‘मुलींना शिक्षण फुकट’ असं ऐकून आलेल्या वडिलांना खिडकीवर बारा-पंधरा हजार मागितले की ते चिडतात. त्यांना कुणी फसवलेलं नसतं, बातमीचा मथळा तेवढा अर्धा असतो.

समजायला सोपं जावं म्हणून आकडे मी गोल घेते. समजा, एका कॉलेजचं शिक्षण शुल्क १,२०,००० आणि विकास शुल्क १२,०००. एकूण १,३२,०००. आता एकाच बाकावर चार मुलं बसवा. चौघांच्याही घरचं उत्पन्न वर्षाला पाच लाख.

पहिला मुलगा खुल्या प्रवर्गातला, कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेला. त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होते. ऑफिसात तिला अजून सगळे ‘ईबीसी’च म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार देतं. त्याच्या वाट्याला ६०,००० आणि विकास शुल्काचे १२,०००, म्हणजे ७२,०००.

दुसरी मुलगी ओबीसी, तीही कॅपमधूनच. २०२४-२५ पासून राज्याने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींसाठी निम्म्याची सवलत पूर्ण केली. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा, उत्पन्नाची अट तीच, आठ लाख. तिला भरायचे १२,०००.

तिसरा मुलगा टीएफडब्ल्यूएसमधला, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. कोर्सच्या मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा या योजनेसाठी असतात. उत्पन्नाची अट आठ लाखांचीच, जात विचारात नाही, जागा मिळते गुणवत्तेने. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. त्यालाही भरायचे १२,०००.

चौथा मुलगा. मार्क पहिल्यापेक्षा दोन-चार जास्तच असतील, पण दुसऱ्या राउंडला धीर सुटला आणि वडिलांनी ‘सीट जाईल’ या भीतीने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. त्याला १,३२,०००. घरचं उत्पन्न तेवढंच, वर्ग तोच, शिकवणारे तेच. कॅपच्या बाहेरून आलेल्याला, म्हणजे व्यवस्थापन कोटा किंवा संस्था स्तरावरच्या जागेवर आलेल्याला, या सवलती नाहीत. चार वर्षांत पहिल्यात आणि चौथ्यात २,४०,००० चा फरक पडतो. धीर सुटण्याची ही किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती फेडण्यासाठी गावचा जमिनीचा तुकडा विकलेलाही पाहिला आहे.

अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही या योजनांच्या बाहेर आहेत. नेरूळ-बेलापूर पट्ट्यात मोठमोठ्या काचेच्या इमारती दिसतात, त्यांतली कुठली संलग्न कॉलेज आणि कुठली अभिमत विद्यापीठ, हे माहितीपत्रकावर बारीक अक्षरात असतं. ते आधी वाचा.

टीएफडब्ल्यूएसबद्दल थोडं जास्त सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी इथेच चुकतं. या जागा आपोआप मिळत नाहीत. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना त्यांचा कोड वेगळा निवडावा लागतो. म्हणजे ‘अमुक कॉलेज, कॉम्प्युटर’ हा एक पर्याय आणि ‘अमुक कॉलेज, कॉम्प्युटर, टीएफडब्ल्यूएस’ हा दुसरा. कळव्याच्या एका रिक्षावाल्या काकांच्या मुलाने हा कोड टाकलाच नव्हता. त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलाला त्याच कॉलेजात ती जागा मिळाली. काका मला विचारत होते, “आता अर्ज करून काही होईल का?” नाही होत. आणखी एक अट अशी की या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ‘आत शिरू, मग ब्रँच बदलू’ असा बेत असेल तर हा मार्ग नको.

वरची चौकडी सगळ्या प्रवर्गांना पुरत नाही. ओबीसी मुलग्यांना निम्मं शिक्षण शुल्क, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जाती-जमातींसाठी अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, तिच्यात निर्वाह भत्ताही येतो. उत्पन्न त्याच्या वर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे भत्ता नाही पण फी सुटते. घर सोडून बाहेरगावी शिकणाऱ्या आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. शहापूर-मुरबाडकडून ठाण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना ही योजना सांगितली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण बहुतेकांना ती ठाऊकच नसते.

आता दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, नगरसेवकाच्या लेटरहेडवरचा चालत नाही. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून करायचा. इथे आपल्या भागातली एक गंमत आहे. हार्बर लाइनला बेलापूरनंतर लगेच खारघर, मधे स्टेशनसुद्धा नाही. पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात आणि खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ सगळे ठाणे तालुक्याचे, कामोठे-कळंबोली पनवेलचे. अर्जात तालुका चुकला तर अर्ज फिरून परत येतो आणि त्यात ऐन हंगामातले पंधरा दिवस जातात.

नोकरदाराकडे फॉर्म १६ मागतात आणि तो कंपनीकडून हातात पडेपर्यंत जूनचा मध्य उजाडतो. रिक्षा, भाजी, शिवणकाम अशा कमाईला स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल लागतो. आई-वडील दोघेही कमावते असतील तर दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. वडिलांचे सहा लाख दाखवून आईचे तीन लाख विसरण्याची हुशारी करू नका. पोर्टलवर खोटी माहिती सापडली की दिलेली रक्कम वसूल होते, शिवाय मुलाच्या नावावर डाग लागतो तो वेगळाच.

आणखी एक गोंधळ: नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला नव्हे. पहिल्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत, दुसऱ्यात सगळं मोजतात. एक मिळालं म्हणून दुसरं गृहीत धरू नका. आरक्षणातून प्रवेश असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम अकरावीतच सुरू करा. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला गावी एक फेरी होतेच.

प्रवेशानंतर राज्याच्या योजनांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे येतो, म्हणजे माझ्यासारखीकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. काही चुकलं की ‘सेंड बॅक’ होतो. मुलं एकदा अर्ज भरतात आणि मग तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. अर्ज तीन-तीन महिने त्यांच्याच लॉगिनला परत येऊन पडलेला असतो आणि ते मला विचारतात, “मॅडम, सरकारने पैसे का नाही दिले?”

पण सगळ्यात मोठी गळती होते बँकेच्या खात्यात. घणसोलीची एक मुलगी आठवते. पोर्टलवर ‘रक्कम जमा’ असं आलेलं, पासबुकात मात्र काही नाही. तिने पासबुक माझ्यासमोर उघडून धरलं, शेवटची नोंद आईने टाकलेल्या पाचशे रुपयांची. आम्ही दोघींनी तासभर डोकं खाजवलं. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं तर तिथे भलतीच बँक. सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिच्या अंगठ्यावर एक खातं उघडून दिलं होतं, आणि आधार त्या खात्याला जोडलं गेलं होतं. तिला त्या खात्याचा पत्ताच नव्हता. डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात पाठवतं ते, पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलेलं आहे त्यात जातात. पैसे बुडले नव्हते, सुदैवाने. पण तुम्ही आजच रात्री जेवण झाल्यावर हे स्टेटस बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक योजनेत फीची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. त्या पैशांतून मोबाईल घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर रागावण्याआधी मी एवढंच म्हणेन की एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खात्यात एकदम एवढी रक्कम येते तेव्हा घरात कुणीतरी आधी बोलायला हवं होतं.

आता नाजूक भाग. पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी त्याच्या वाट्याचीच रक्कम घ्यायची, सरकारच्या वाट्याची मागायची नाही, असा नियम आहे. प्रत्यक्षात ‘आता पूर्ण भरा, सरकारचे आले की परत करू’ असं सांगणारी खिडकी तुम्हाला भेटू शकते. मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे. सरकारचे पैसे उशिरा येतात हे खरं, आणि प्राध्यापकांचे पगार त्यावर अडतात हेही खरं. तरी तो भार पालकांवर टाकणं चूकच. भांडू नका, तोंडी विनंतीही करू नका. लेखी अर्ज द्या, सोबत शासन निर्णयाची प्रत आणि उत्पन्नाचा दाखला जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कागदावर शिक्का पडला की सूर बदलतो.

केंद्र सरकारच्या योजनांना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आहे. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं दरसाल १२,००० मिळतात. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांसाठी ही चांगली रक्कम आहे, कारण अनुदानित कॉलेजची फीच मुळात कमी. तंत्रशिक्षणातल्या मुलींना एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी तेवढ्याच रकमेची सक्षम.

मात्र सहसा दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकत्र घेता येत नाहीत, म्हणून तुलना करूनच अर्ज टाका. आपल्या बाकावरच्या दुसऱ्या मुलीला राज्याकडून १,२०,००० सुटताहेत, तिने प्रगतीच्या मागे लागू नये. तीच मुलगी कमी फीच्या सरकारी कॉलेजात असती तर प्रगतीचे ५०,००० फायद्याचे ठरले असते.

बिनसरकारी मदतही पुष्कळ आहे. ठाण्यातलं विद्यादान सहायक मंडळ ग्रामीण भागातल्या हुशार, गरजू मुलांना २००८ पासून मदत करतं. ते फीच्या जोडीला मुलाच्या पाठीशी एक माणूसही देतात. रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठी एकूण दोन लाखांपर्यंतची शिष्यवृत्ती आहे, कोटक कन्या ही मुलींसाठी वर्षाला दीड लाखाची. नवी मुंबईतल्या मूळ गावांतल्या प्रकल्पग्रस्त घरांनी सिडकोच्या विद्यावेतनाची चौकशी जरूर करावी. महापालिकेच्या समाजविकास विभागातही एक चक्कर टाकावी. एक खूण लक्षात ठेवा: अर्जासाठी जो आधी पैसे मागतो तो शिष्यवृत्ती देणारा नसतो.

एवढं करूनही तूट राहिली तर कर्ज. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. वडील किंवा आई सहकर्जदार असतात, म्हणून सिबिल, म्हणजे आधीची कर्जं वेळेवर फेडली का याचा स्कोअर, त्यांचाही बघतात. जुन्या क्रेडिट कार्डाचे थकलेले चार हजार मुलीच्या कर्जाला आडवे येतात, असं झालेलं आहे. हप्ता सुरू होतो कोर्स संपल्यावर एक वर्षाने, आणि इथेच बहुतेकांची समजूत चुकते. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

हिशोब मांडू. दरवर्षी सुरुवातीला एक लाख, चार वर्षांचे चार लाख, व्याज ९ टक्के धरू. कोर्सची चार वर्षं आणि वरचं एक, अशी पाच वर्षं सरळव्याज चढतं. पहिल्या लाखावर ४५,०००, दुसऱ्यावर ३६,०००, तिसऱ्यावर २७,०००, चौथ्यावर १८,०००. बेरीज १,२६,०००. म्हणजे पहिला हप्ता येतो तो ५,२६,००० वर, दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे ६,६६०. तेच व्याज शिकतानाच भरत गेलात तर हप्ता बसतो ४ लाखांवर, सुमारे ५,०७०. शिकतानाचं व्याज पहिल्या वर्षी महिन्याला ७५० रुपये पडतं, चौथ्या वर्षी ३,०००. ज्यांना जमतं त्यांनी भरावंच. काही बँका त्यासाठी व्याजदरात एक टक्का सूटही देतात.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, कोर्स व्यावसायिक असेल आणि कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए मानांकित असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर या काळातलं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. म्हणजे वरचे १,२६,००० पूर्ण वाचले. बँकेचा अधिकारी स्वतःहून हे सांगेलच असं नाही, तुम्ही ‘व्याज अनुदान’ हा शब्द उच्चारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांच्या कर्जापर्यंत ३ टक्के व्याजसवलत. आपल्या हिशोबात ते ४२,००० होतात. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही व्याजसवलत नाही. आधी संस्था त्या यादीत आहे का ते बघा, कारण यादी लांब असली तरी गल्लीतलं प्रत्येक कॉलेज तिच्यात नाही.

आयकराच्या कलम ८०ई खाली भरलेल्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नवी निवडली असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

राहिलं दुसरं वर्ष. शिष्यवृत्ती एकदा मिळाली की पदवीपर्यंत चालू, असं कुणाच्यातरी मनात असतंच. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज नव्याने भरायचा, उत्पन्नाचा दाखला नव्या वर्षाचा. एका वर्षी जानेवारीत, मुदत उलटून गेल्यावर, दिव्याहून एक गृहस्थ आले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद इतके नीट लावलेले की कुठल्याही ऑफिसने शिकावं.

“मॅडम, गेल्या वर्षी भरलंय की सगळं. हे बघा.”

मी दाखल्यावरची तारीख दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, फोल्डर बंद केलं आणि विचारलं, “मग तिसऱ्या वर्षाचा कधी काढायचा?” एप्रिल उजाडला की तयारीला लागा, म्हटलं. त्यांनी फोल्डरच्या आतल्या बाजूला पेनाने मोठ्या अक्षरात ‘एप्रिल’ लिहिलं.